फांदीवरचे राखाडी मूळ

देवळी, मे १९७८, गुरुवार

आंब्याच्या फांदीवर परकी पाने दिसली, की आपण सरसकट ‘बांडगूळ’ म्हणून मोकळे होतो. पण एकाच फांदीवर दोन परकी झाडे असली आणि फांदी वाळत चालली असली, तर दोषी कोण? संध्याकाळपासून डोक्यात तेच.

शेजारच्या गंगाबाई कोयता घेऊन आंब्याखाली उभ्या होत्या. आंबा त्यांच्या यजमानांनी लावलेला. ते गेल्यापासून बाई त्याला जिवापाड जपतात. आज बांडगुळाबरोबर आमरी हे जांभळट फुलांचे ऑर्किडही छाटायला निघाल्या.

“आमरी राहू द्या, बाई.”

“काऊन, गुरुजी? दोघं बी फुकटच राहून राह्यले. भाडं तं कोनीच देत नाई!”

मी समजावले. बांडगूळ सालीत मूळ खुपसून फांदीचा रस पिते. आमरी सालीला नुसती बिलगते. पाऊस आणि दव तिची मुळेच टिपतात, अन्न तिची पाने करतात. बाईंना पटेना. त्यांचे तरी काय चुकले? त्यांना आंबा वाचवायचा होता, आणि माझ्याजवळ शब्दांखेरीज... तेवढ्यात आमरीचे लोंबणारे राखाडी मूळ दिसले.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यात बोट बुडवून बाईंनीच ते मुळावर फिरवले. राखाडी मूळ पाहता पाहता हिरवे झाले.

“अवं माय! हे तं आपलं आपनच पानी पेऊन राह्यलं!”

बांडगूळ तेवढे तोडले.

पुढे कोणी विचारले, तर एवढेच सांगायचे: कोरड्या राखाडी मुळावर ओले बोट फिरवा, हिरवे उमटले, तर कोयता खाली ठेवा.