थिएटर रिकामं नव्हतं

४ जुलै २०२५, शुक्रवार

गॅस नाही. गॅस नाही! साडेतीन वर्षं ओवा, हिंग, इसबगोल आणि लोकांचे सल्ले गिळले. आज अकोट्याच्या डॉक्टर उत्कर्षाबेननी पोट दाबून पाहिलं, जुने रिपोर्ट वाचले आणि म्हणाल्या, "आ गॅस नथी, बेन." सिझेरियननंतर आत बहुतेक सगळं एकमेकांना चिकटलंय. गर्भाशय मूत्राशयाला, आतडं पोटाच्या भिंतीला. म्हणून इराला उचललं की उजवीकडे कुणीतरी आतून खेचल्यासारखं होतं. दुर्बिणीनं आत बघून सोडवता येईल. पुन्हा चिकटणार नाही याची खात्री मात्र त्या देत नाहीत.

मग त्यांनी विचारलं, बाळंतपणानंतर ताप होता? होता, नऊ दिवस. पाणी गेल्यावर किती वेळानं सिझेरियन केलं? मी म्हटलं, पाणी पहाटे पाचला गेलं, इरा अकरा सतराला झाली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पायाळू बाळ, आणि सहा तास? का?" जंतुसंसर्ग झाला की हे चिकटणं वाढतं म्हणे.

का ते मला पाठ आहे. बाबा दर अर्ध्या तासानं आत येऊन सांगत होते – थिएटर रिकामं नाही, बाळा, अजून थोडं. अलकापुरीतल्या त्या डॉक्टरबाईनं माझ्याआधी दुसऱ्या कुणाकुणाला घेतलं आणि मला कळा देत ठेवलं. तेव्हा मी तिला नमस्कार करून पेढे दिले होते. आता बघतेच तिच्याकडे.

५ जुलै

सोहम म्हणतो, आता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करून काय उपयोग? बायको बाळंत होत होती तेव्हा हा जामनगरला, कारखान्याच्या ड्यूटीवर. दुपारी पोचला, तोवर सगळं उरकलं होतं. त्याला उपयोग विचारायला काय जातंय! तिची पाटी उतरलेली बघायची आहे मला. हाच उपयोग.

६ जुलै, रविवार

वाडीत बाबांकडे गेले. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी अख्ख्या वाडीचे अर्ज बाबाच लिहितात. पेन्शनचा, गॅसचा, महापालिकेचा. जयवंतरावांचा अर्ज परत येत नाही असं गुजराती शेजारीसुद्धा सांगतात.

त्यांना सगळं सांगितलं. मध्येच उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेले. माझं दुखणं ऐकवत नसेल. आई इराच्या जन्माच्या आदल्या वर्षी गेली. सासूबाई म्हणत होत्या, बाळंतपण आमच्याकडे होऊ दे. बाबा ऐकेनात – आई नसली म्हणून काय झालं, पहिलं बाळंतपण माहेरचंच. एकट्या माणसानं डिंकाचे लाडू वळले होते माझ्यासाठी. शेवटी म्हणाले, "तक्रार करायचीच म्हणतेस?" करायचीच. मग फुलस्केप कागद काढून समास आखला. माझ्या बाजूनं एवढा एकच माणूस आहे.

१० जुलै, गुरुवार

ती भेटली! अलकापुरीत, साडीच्या दुकानात. पैठणी अंगावर लावून आरशात बघत होती. माझ्याकडे बघून हसली. "केम छो? बाबो मजामां?"

बाबो! माझं पोट कापून हिनं मुलगी बाहेर काढली, आणि हिला मुलगा आठवतो. "मजामां" म्हणून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर मग सगळी उत्तरं सुचली. ती अर्जात घालणार आहे.

१५ जुलै

ऑपरेशन तेवीसला. उत्कर्षाबेनना सिझेरियनची जुनी फाइल हवी आहे. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड. बाबा म्हणाले, मी आणतो, तू उन्हापावसात फिरू नकोस.

सासूबाईंनी अर्जाचा कच्चा मसुदा वाचला. मला वाटलं, निदान आज दोन शब्द बरे बोलतील. म्हणाल्या, "फाइल हातात आल्याशिवाय हे पाठवू नकोस." म्हणजे विश्वास नाही. सून खोटी, डॉक्टर खरी. पोट धरून बसले की "बायकांचं दुखतंच" म्हणणारी हीच बाई. तिचाही हिशेब होईल सावकाश.

१८ जुलै

बाबा दोनदा जाऊन आले. रेकॉर्डचा माणूस रजेवर. लपवाछपवी चाललीय तिची. लपव, लपव.

२२ जुलै

उद्या. रात्रीपासून उपाशी राहायचं. भीती वाटतेय. इराला कुशीत घेतलं तर पाय नेमका तिथेच लागला. राग भीतीपेक्षा मोठा आहे, त्याच्याच आधारानं जाते.

२७ जुलै, रविवार

बसता येतंय. चार ठिकाणी सोडवलं. पाचव्या ठिकाणी आतड्याला धोका, म्हणून तसंच ठेवलं. तेवढं दुखणं राहील कदाचित. उत्कर्षाबेननी व्हिडिओ दाखवला. आत दुधावरच्या सायीसारखे पडदे, कात्री लावली की अलगद सुटत होते. दर वेळी मी मनात म्हणत होते – हा तुझा, हाही तुझा. क्लिप मागून घेतलीय. कौन्सिलला पाठवीन आणि एक तिला, व्हॉट्सअॅपवर.

जुनी फाइल आलीच नाही. त्यांनी तशीच केली शस्त्रक्रिया. बाबा दवाखान्यात चार दिवस बाकावर बसून होते. घरी जा म्हटलं तरी जाईनात.

५ ऑगस्ट

खाली वाकून चप्पल घातली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा श्वास न रोखता. रडले.

बाबांचा अर्ज तयार होत आलाय. काय लिहिलंय! "अक्षम्य हेळसांड." वाचताना पेढा खाल्ल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, फाइल जोडायला हवी. तर म्हणाले, फाइल कशाला, तुझा शब्द पुरे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

स्वतः गेले अलकापुरीला. काउंटरवरच्या मुलीनं रजिस्टर उघडलं. "तमारा पप्पा तो लई गया ने. सही छे." फाइल नेली सतरा जुलैला. बाबांची सही, खाली ठळक रेघ. पुन्हा अर्ज केला, तासाभरानं झेरॉक्स मिळाली. तिथेच बाकावर वाचली. इंग्रजी आहे, पण सोपं आहे.

५.४०. पाणी गेलेलं. ताबडतोब सिझेरियनचा सल्ला. थिएटर तयार. पेशंटचे वडील ११.१२ च्या मुहूर्तापर्यंत थांबण्याचा आग्रह धरतात. आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे हे समजावलं. ७.३०. पुन्हा समजावलं. नकार. ९.००. पुन्हा. नकार. प्रत्येक नोंदीखाली सही. जयवंतराव.

थिएटर रिकामं होतं. पाच चाळीसपासून रिकामं होतं.

इराची पत्रिका बाबांनी स्वतः मांडलीय, मोठा योग आहे म्हणून जो येईल त्याला दाखवतात. तो योग गाठायला मला तिथे पडून राहू दिलं. आणि ती बाई! तीनदा बाबांना विचारलं. मी दहा पावलांवर, शुद्धीत, एकोणतीस वर्षांची. मला एकदाही नाही.

घरी आले. सासूबाई भाजी निवडत होत्या. विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"दहाला पोचले मी. डॉक्टर हात जोडत होत्या त्यांना. मीही बोलले. पण मुलगी त्यांची, शेवटी त्यांचंच चाललं."

मग मला का नाही सांगितलं?

"आई नाही तुला. वडीलही मीच तोडायचे?"

मी तिथेच खाली बसले. त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली आणि माझ्याजवळ सरकल्या. साडेतीन वर्षं मी कुणाकुणाला शिव्या दिल्या.

१४ ऑगस्ट

बाबा सकाळी अर्ज घेऊन आले. सुंदर अक्षर, एक खाडाखोड नाही. मी शेजारी झेरॉक्स ठेवली. त्यांनी पहिली सही बघितली, पुढची पानं उलटलीच नाहीत. "पोरीचं नशीब चांगलं निघावं म्हणून ग. सहा तासांचा तर प्रश्न होता." मी अर्जातल्या डॉक्टरांच्या नावाखाली बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे दुसरं नाव राहिलंय, बाबा. कौन्सिल वडिलांचं काही करत नाही, हे मला माहीत आहे, त्यांनाही. त्यांनी पेन उघडलं. आधी स्वतःचं आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, वाडीचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. मी थांबवलं नाही.