जित्या शिंपल्यांचा नकाशा

आई, तुला समुद्र कधी पाहायला मिळाला नाही आणि माझी सगळी नोकरी समुद्राकाठी गेली. जहाजातून तेल सांडलं तर किनाऱ्यावरचं काय आधी वाचवायचं, याचे नकाशे आम्ही करायचो. खडकावरची कालवं कुठं, वाळूतले तिसऱ्यांचे शिंपले कुठं, सगळं आधीच रंगवून ठेवायचं. "तेल सांडायच्या आदीच नकाशा व्हय?" असं तू नक्की विचारलं असतंस. तुला प्रश्न फार पडायचे.

पहिला नकाशा मात्र मी आपल्या प्रवरेचा केला. बहात्तरच्या दुष्काळात, नगरला कॉलेजात असताना. आदल्या वर्षी पुलावरून तेलाचा टँकर नदीत कलंडला होता, म्हणून कॉलेजातल्या आमच्या सरांनी पुलाखालच्या गावांसाठी एक बेत आखला. उसाच्या पाचटाच्या पेंढ्या लांब दोराला बांधून ठेवायच्या आणि तेल आलं की तो दोर पाण्यात आडवा टाकायचा, पाचट तेल धरून ठेवतं. गावाला दोर एकच. मासे पळून जातात, शिंपल्याला पळता येत नाही, म्हणून शिंपले असतील त्याच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला तो टाकायचा. आपल्या गावचा काठ माझ्याकडे होता. मी चपला घालून दोन दिवस हिंडले. वळणावरच्या वाळूत शिंपल्यांचा खच दिसला, तिथं लाल फुली मारली. सरांनी तो नकाशा वर्गात सगळ्यांना दाखवला. मला अगदी आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या सुट्टीत मी त्याची नक्कल ऐटीत तुझ्यापुढं धरली. तू चुलीपाशी शिंपल्यानं दुधाच्या पातेल्याची खरवड काढतेयस. तुला वाचता येत नाही, पण नदीचं वळण लगेच ओळखतेस. "ही मेलेल्यांची घरं हाईत गं, पान्यानं वाहून आल्याली. जिती कुठं बसत्यात?" आणि हात धरून मला वरच्या डोहावर नेतेस. "चपला काढ. डोळ्यानं न्हाई घावायचं, पायानं बघ." गार गाळात माझ्या तळव्याखाली काहीतरी कचकन मिटलं. मी किंचाळले आणि तू पोट धरून हसलीस. मग आपण उथळ पाण्यात बसून एक शिंपला पाहत राहिलो. पांढरट जीभ बाहेर काढून तो गाळात रेघ ओढत चालला होता. "कुठं निघालं आसंल ह्ये?" तू म्हणालीस. खरं सांगते, ते मला अजून ठाऊक नाही. त्याच डोहाच्या कडेला तू वाळूत झिरा उकरून पिण्याचं पाणी भरायचीस.

नगरला परतल्यावर मी दोनदा सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एवढं कौतुक झालेला नकाशा चुकलाय, हे सांगायला जीभ रेटेना. टँकर काय रोज कलंडतो, अशी मनाची समजूत घातली.

उन्हाळ्यात पुलावरून पुन्हा एक टँकर कलंडला. गावकऱ्यांनी सरांनी दिलेला माझा नकाशा बघून दोर वळणावर टाकला, आणि डोह राहिला दोराच्या वर, उघडाच. मी पोचले तेव्हा पाण्यावर तवंग होता, शिंपले तोंड वासून पडले होते. झिऱ्याच्या पाण्याला तेलाचा वास येत होता. पाऊस येईपर्यंत तू लांबच्या विहिरीवरून हंडे वाहिलेस. "त्या सराला सांगितलं न्हाईस व्हय गं, जिती कुठं हाईत ते?" तू विचारलंस. "सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही," मी म्हणाले.

महिन्याभरानं सर भर उन्हात चौकशीला आले. कुणालाही पाणी दिल्याशिवाय उंबऱ्यावरून न पाठवणारी तू, त्यांना बसासुद्धा म्हणाली नाहीस. ते ओसरीशी घाम पुसत घटकाभर उभे राहिले आणि तसेच गेले.

आई, मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तू असतीस तर हे लिहायलाही मी धजले नसते. त्या दिवशी माझ्या पाठीशीच भरलेला हंडा होता. उठून तांब्या पुढं केला असता तर "ऐकलं न्हाई त्याला पानी कशापायी?" असं तू विचारलं असतंस आणि माझं खोटं तुला कळलं असतं, म्हणून मी बसून राहिले.