दिल्लीला हवा असलेला तज्ज्ञ

३ जून
दिल्लीच्या स्पर्धा आयोगाला तज्ज्ञ हवेत. अर्ज टाकला. सोलापुरात 'कार्टेल', म्हणजे धंदेवाल्यांनी संगनमतानं भाव ठरवणं, या विषयावर पीएच.डी. केलेला मी एकटाच. बाकी आमची स्टाफरूम म्हणजे चहा पिणारा गाळ.

५ जून
फील्डवर्क. मार्केटात शेंगाचटणीचा भाव सगळ्या दुकानांत एकच! बजाबाई चटणीवालीला विचारलं, भाव ठरवला कुणी? म्हणाली, "शेंगा लई म्हागल्या की सायब. घ्यायची हाय का न्हाय?" संगनमत, वर तोरा. पाव किलो घेतली. संशोधनासाठी.

९ जून
कॉलेज सुटल्यावर मी खासगी क्लासही घेतो. आज क्लासचालक संघाची बैठक. अध्यक्ष मीच. बारावी कॉमर्सची फी सगळ्यांनी एकच घ्यायची, कमी कुणीही घ्यायची नाही, असा ठराव केला. याला व्यवसायाची शिस्त म्हणतात. चटणीवाल्यांना ती काय कळणार!

१४ जून
अर्शी. माझीच जुनी विद्यार्थिनी. निम्म्या फीत क्लास काढलाय म्हणे. वर्गात कधी लक्ष नसायचं, ती आता शिकवणार! बोलावून समज दिली. ऐकेना. शेवटी तिच्या गाळ्याच्या मालकाला भेटून तिची जागा काढून घ्यायला लावली. शिक्षणाचा दर्जा कुणीतरी सांभाळायला हवा.

२ सप्टेंबर, दुपारी
आयोगाचा फोन!! वीस तारखेला हजर राहा. संघाचा ठराव सोबत आणा. म्हणजे नेतृत्वगुण बघणार. वकील आणला तरी चालेल, म्हणाले. बायको वैजयंती म्हणते, अहो, मुलाखतीला वकील कशाला? हिला दिल्लीच्या पद्धती काय ठाऊक!
ब्लेझर शिवायला टाकला.

३ सप्टेंबर
प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा आपटला. मजा आली.

२० सप्टेंबर, दिल्ली
पुढच्या खुर्चीत ऐटीत बसलो. शिपायानं उठवून पलीकडे बसवलं. तक्रारदार अर्शी. तक्रार आमच्या संघाविरुद्ध, अध्यक्षांच्या नावासकट. मी ठणकावलं, हे कार्टेल नव्हेच. तिनं उठून कार्टेलची व्याख्या वाचली. माझ्याच प्रबंधातून. बाहेर भेटली तर म्हणाली, "तुमीच शिकवलं की सर." तोंड दाखवायला जागा उरली नाही.

२१ सप्टेंबर
परतीच्या गाडीतून प्राचार्यांना फोन केला. राजीनामा रागाच्या भरात दिला होता, म्हटलं. म्हणाले, तो कधीच मंजूर झाला. जागेची जाहिरात निघाली, ढिगानं अर्ज आलेत, तुम्हीही करा.
एका जागेसाठी एवढे अर्ज! इतकी स्पर्धा बरी नव्हे. यावर काहीतरी नियंत्रण हवं.