तिसरी रेघ

मंगळवार, १२ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. नाहीतर वरची खोली बांधून खालून बघत बसायची वेळ आली असती.

स्लॅब रविवारीच टाकताय ना? एवढी घाई कशाला, म्हणतो मी. सिमेंट काय पळून चाललंय?

कुंपणापाशी लाल टोकाची खुंटी कोण ठोकून गेलं, असं तू विचारलंस. आमचीच माणसं. नवा रस्ता अजून नुसता कागदावर आहे असं मी तुला म्हणालो, ते खोटं नाही. नकाशावर तीन रेघा होत्या. काल साहेबांनी दोन खोडल्या. तिसरीच्या वाटेत एकही घर येत नाही, म्हणून ती ठेवली.

ताई, तिसरी रेघ तुझ्या स्वयंपाकघरातून जाते.

नकाशा जुना, तुझं घर व्हायच्या आधीचा. त्यात तिथे मोकळी जमीन आहे. जागेवर जाऊन खात्री करायचं काम माझं होतं. मागच्या महिन्यात "सहज आलो" म्हणत तुझ्याकडे जेवलो, दोनदा वाढून घेतलं, तेव्हा मोजणीचं चाक गाडीतच होतं. नकाशात घर दाखवायचं तर ते बहिणीचं आहे हेही लिहावं लागतं, आणि साहेबांनी मला कामावरून बाजूला केलं असतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मोठं काम हाती आलं होतं गं. वाटलं, पुढच्या फेरीत दुरुस्त करू. "बांधकाम नाही" लिहिलं आणि सही ठोकली. पुढची फेरी झालीच नाही.

आज साहेबांकडे गेलो होतो. "तू स्वतः जागा पाहिलीस ना? मग झालं तर," म्हणाले. मी मान डोलावून बाहेर आलो. माझी मलाच लाज वाटते.

हरकती शुक्रवारी पाचपर्यंतच घेतात. मग रेघ पक्की. तू अर्ज दे, घराचे फोटो जोड. नुसत्या अर्जावर ते म्हणतील, आमचा माणूस जागा बघून आलाय. म्हणून हे पत्रही जोड, अख्खं. जेवणाचं खोडू नकोस. फोनवर हे बोलवलं नसतं, आणि फोनला पुरावा कोण मानतं? पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. माझं व्हायचं ते होईल. दाजींना मात्र तूच सांग, मला तेवढी हिंमत नाही.

खाली नेहमीसारखं "तुझा बारक्या" लिहीत नाही. त्या कागदावर केली तीच सही करतोय, हुद्द्यासकट. दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघू देत त्यांना.

(सही)
सर्वेक्षक, रस्ते विभाग