हिव वाजतं

टोकरखाडा, सिल्वासा
१५ डिसेंबर १९६५

तीर्थरूप भाऊंस,

मंगलाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड परवा पोचलं. आईनं पाठवलेली आमसुलं आणि शालही मिळाली. इकडे सकाळी चांगलाच गारठा असतो. उन्हाची तिरीप सरकेल तशी शाळेतली मुलं सरकत बसतात.

नाताळच्या सुट्टीत मी अलिबागला येत नाही. मुलाकडच्यांना तसं कळवा. मुलगा चांगलाच असेल, प्रश्न त्याचा नाही.

'हिव' शब्द कुठून आला असं मी विचारलं आणि तुम्ही लगोलग लिहिलंत: मूळ संस्कृत हिम, त्याचं हिव, हिमकालाचा हिवाळा. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही त्यांच्याही तोंडी तो शब्द टिकला. खाली तुमची टीप होतीच: 'शब्द जुना, पण ग्राम्य.' मी का विचारलं ते मात्र मी लिहिलं नव्हतं.

चौथीत लखमी नावाची वारली मुलगी आहे, सामरवरणीची. महिन्यापूर्वी ती म्हणाली, "बाई, हिव वाजतं." मी म्हटलं, "थंडी वाजते म्हण." ती पुन्हा हिवच म्हणाली. वर्ग हसला. माझं डोकं फिरलं आणि शुद्ध बोलेपर्यंत मी तिला व्हरांड्यात उभं केलं. अंगात पातळ झगा, पोर कुडकुडत होती. तास संपेपर्यंत तिनं तोंड उघडलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

भाऊ, मला माझीच लाज वाटते. दोनदा तिच्या घरी जाऊन आले. तिची आई भांडली नाही. भात सडता सडता म्हणाली, "ती बोलली का चुकते. मग कशाला येल?"

ते ऐकलं आणि मला आपलं घर आठवलं. आईही हिवच म्हणायची. तुम्ही चारचौघांत तिला दुरुस्त करायचात, आम्ही भावंडं हसायचो. पुढे पाहुणे आले की ती बोलेनाशीच झाली. आम्हाला वाटायचं, तिचा स्वभावच अबोल.

रविवारी पुन्हा सामरवरणीला जाणार. लखमी येईपर्यंत जात राहणार, सुट्टीभर. ती आली की भर वर्गात सांगणार, चूक बाईंची होती. हेडमास्तर म्हणतात, अशानं मुलांना धाक राहत नाही. नसेल राहत तर न राहो.

तुम्ही रागावलात तरी चालेल. पण हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठवा. एक अक्षरही दुरुस्त न करता.

तुमची लेक, आणि तिचीही,
मंगला