हात वर कोनी केला

१० जानेवारी १९८४

चुका माफ. टायपिंग पन हळू, एका बोटाने मारते. टायपिंग शिकवनारी चर्चची सिस्टर म्हनाली, "शाळा सोडलीस, हे तरी शिक. रोज एक पान काहीपन मार. मी वाचनार नाय." म्हनून हे. मोठा 'न' मशीनवर कुठे आहे ते सापडत नाय. माझ्या तोंडात पन सापडत नाय!

रविवारचं लिहिते. मॅच होळी गावच्या मुलींशी होती. बास्केटबॉलमध्ये फाउल केला की जिने केला तिने हात वर करायचा. मग रेफरी तिचा नंबर सांगतो. पाच झाले की बाहेर. आमचे फर्डिनंड सर पहिल्यापासून सांगतात — "फाउल वाटून घ्या. जिचे कमी, तिने हात वर. टीम म्हंजे हेच." सगळ्या करतो. रिटाने माझ्यासाठी केलाय. मी रिटासाठी.

लिडिया आमची कॅप्टन. तिचे चार झाले होते. रिंगखाली सगळ्या एकात एक. लिडियाचं कोपर कोनाला तरी लागलं. शिटी वाजली. मी हात वर केला. शाळेत कधी हात वर करता आला नाय मला! इथे पटकन जातो.

मग खाली बघितलं. एमिली बसलेली. त्यांची सगळ्यात उंच मुलगी. नाकातून रक्त, टीशर्ट लाल. नाक मोडलं तिचं.

हात माझाच वर होता.

१२ जानेवारी

होळीवाल्यांनी तक्रार केली. मी मुद्दाम मारलं म्हने! सर म्हनाले, "गप्प बस, निवळेल." लिडिया बाजूलाच बुटाची नाडी बांधत होती. किती वेळ बांधते! तिला म्हननार होते, तू सांग. तोंड उघडलं. "बॉल दे" एवढंच आलं.

१३ जानेवारी

आई टोपली भरलेली घेऊन परत आली. होळीला गेली होती बोंबील विकायला. मी जन्मायच्या आधीपासून जाते त्या आळीत. एमिलीच्या आईने दारातूनच घालवली. "तुमची चव बघितली आमच्या पोरीने, पुरे!" शेजारच्यांनी पन काय घेतलं नाय.

आईने विचारलं, "मारलंस?"

"नाय."

"मग हात कशाला वर केलास गो?"

"टीम—"

"टीम येते का माझ्याबरोबर दारोदार?"

जेवले नाय.

१४ जानेवारी

रविवारी फायनल, परत होळीशीच. सर म्हनाले, फायनलला तू नको. तू असलीस तर होळीवाले खेळनार नायत. "टीमसाठी एवढं कर." रिटा खाली बघत होती.  एकीनेपन माझी बाजू घेतली नाय!

मला दुसरं काय आहे? सकाळी बोंबील वाळत घाला, संध्याकाळी काढा. तो एक तास मैदानावरचा माझा होता. तिथे मला बोलावं लागत नाय, बॉल येतो, मी देते. आता तो पन गेला. मरावंसं वाटतं.

मशीनवर पानी पडलं डोळ्यातलं. सिस्टरने फडकं दिलं.

१६ जानेवारी

काल चर्चमधल्या मिसानंतर घरीच जानार होते. पाय मैदानाकडे गेले. भिंतीमागे उभी राहिले. एमिली नाकाला पट्टी लावून बाकावर बसलेली.

शेवटी शेवटी आमचा एक पॉइंट जास्त. लिडियाचे परत चार. परत रिंगखाली गर्दी, परत शिटी. रेफरीला कळलं नाय कोनाचा ते. "हात?" म्हनाला.

लिडियाने रिटाकडे बघितलं. रिटाने पाठ फिरवली. बाकीच्या कमरेवर हात ठेवून उभ्या. सर बाहेरून ओरडतात, "अरे, हात! हात!" कोनीच नाय.

मग लिडियाने स्वतःचा वर केला. बाहेर गेली. आमची टीम हरली.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पन भिंतीमागे माझा हात खांद्यापर्यंत गेला होता. तिच्यासाठी! काय करू मी माझं?

१७ जानेवारी

घरी पेनने लिहिते. लिडिया आली! आमच्या पाचूबंदरात पहिल्यांदा. चप्पल हातात, वाळूतून. माझ्याकडे बघितलं नाय, सरळ आईसमोर उभी.

"मावशी, कोपर माझं होतं."

आई बोंबील उलटतच राहिली. "मला सांगून काय? होळीला सांग." मग दुसरी टोपली भरली, तिच्या डोक्यावर चढवली. "चल. आनि तोंड उघडायचं हां, कॅप्टनबाई — बोंबीऽऽल!"

गेल्या दोघी. टोपलीच्या वजनाने लिडियाची मान हलत होती. मी हसले पन नाय, रडले पन नाय.

बंदरावर ओरडा चाललाय. बाबांच्या जाळ्यात घोळ मासा आलाय, सगळ्यात महागातला, मानसाएवढा! मी पळते.