बुंदी गवत खात नाही

३ फेब्रु., मंगळ.
सशांना गवत घातलं. बुंदीने आजही तसंच ठेवलं. येते, वास घेते, एक काडी तोंडात धरते, सोडून देते. शेव स्वतःचं संपवून तिच्यातलंही ओढतोय. गवताचं पाकीट शिळं असेल म्हणून ऑफिसमधून येताना नवीन आणलं. तेच.
कोथिंबीर खाल्ली. म्हणजे भूक आहे.

४ फेब्रु.
लेंड्या बारीक, मोजक्याच. हनुवटी ओली. घरमालकीण काकू कपडे काढायला गच्चीवर आल्या होत्या, दारातून डोकावल्या. "पोट खराब हाय तिचा. भाकरीचा तुकरा दे. भाकर कोन नाय खात?" हो म्हटलं. दिली नाही.
घणसोलीत ससे बघणारं कोणी नाही. नेरूळला एक डॉ. मॅडम आहेत. उद्याची वेळ मिळाली.

५ फेब्रु.
हाफ डे टाकला. डॉ.नी तोंडात नळीसारखा बारीक दिवा घालून बघितलं. बुंदी गप्प. नुसती थरथरत होती.
"सशाचे दात आयुष्यभर वाढतात. गवत चावूनच ते झिजतात. हिच्या दाढांना टोकं आलीत, जिभेला लागतायत. भूक आहे हो तिला. खाताना दुखतंय."
भूल देऊन दाढा घासाव्या लागतील. सहा वर्षांची आहे, शुद्धीवर येईलच अशी खात्री देत नाही म्हणाल्या. मंगळवारी. तोवर पातळ खाऊ सिरिंजने.
"मालक तुम्हीच ना?"
हो म्हणालो.
बुंदी शीतलची. लग्नाच्या आधीपासूनची. दिवाळीनंतर शीतल करंजाड्याला भावाकडे राहायला गेली. तिथे कुत्रा आहे म्हणून दोन्ही ससे माझ्याकडे. मोठं भांडण वगैरे नाही. "या घरात मी भिंतीशी बोलते" म्हणाली, आणि मी त्यावरही काही…
मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला, पाठवला.

६ फेब्रु.
सकाळीच शीतलचा फोन.
"कधीपासून खात नाहीये?"
"सोमवारपासून."
"आणि मला काल सांगतोस."
मग तीच म्हणाली, उताणी झोपवून भरवू नकोस, ठसका लागेल. गालाच्या बाजूने दे. थोडं थोडं.
बाजूने दिलं. अर्धं माझ्या शर्टावर.

७ फेब्रु., शनि.
शीतल आली. चप्पल काढून थेट गॅलरीत. बुंदीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिली. पूर्ण सिरिंज संपली. शेव शीतलच्या पायांभोवती गोल गोल फिरत होता, मग तिच्या ओढणीवरच बसला.
मी चहा केला. साखर विचारावी लागली नाही.
भिंतीवरचं कॅलेंडर अजून डिसेंबरवर होतं. शीतलने बघितलं. जाताना उतरवून ठेवून गेली.

१० फेब्रु., मंगळ.
शीतल परस्पर नेरूळला आली. शेवलाही नेलं होतं, जोडीदार जवळ असला की बरं असं डॉ.नी सांगितलेलं. बुंदीला आत नेलं. बाकावर आम्ही दोघं, मध्ये शेवचा पिंजरा.
शीतल पिंजऱ्याकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं तू फोन करशील. बुंदीसाठी नाही."
"नंबर काढायचो."
"मग?"
"काय बोलायचं ते ठरायचं नाही."
"ठरवून कोण बोलतं रे."
तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. मी म्हणालो, घर फार गप्प झालंय. एवढंच जमलं. ती जाळीतून बोट घालून शेवचं कपाळ चोळत होती. ऐकलं असावं.
दार उघडलं. डॉ. म्हणाल्या, "उठलीय. थोडी गुंगीत आहे."
शीतल रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने काढला नाही.

१२ फेब्रु.
सिरिंज चालू. गवताकडे पाठ. डॉ. फोनवर म्हणाल्या, जखम भरायला वेळ द्या. काही ससे परत गवताकडे वळतात, काही नाही. दाढा परत वाढणारच, महिन्याने दाखवा.
शीतल काल आली, आज आली. काकूंनी जिन्यात गाठलं तिला. "आलीस बाय? बरा झाला." शीतल म्हणाली, सशासाठी आलेय. काकू हसल्या फक्त.

१५ फेब्रु., रवि.
आज शीतल येणार नव्हती, भावाकडे पाहुणे. दुपारी गॅलरीतून कुरकुर आवाज आला. शेव असेल वाटलं. बुंदी होती. एक काडी, हळूहळू आत जात होती. अर्धी खाल्ली, अर्धी सांडली. मग दुसरी.
मेसेज टाईप करायला घेतला. राहू दिलं. फोनच लावला.
"काय झालं?" घाबरली होती.
"गवत खातेय."
"खरं?"
फोन बुंदीजवळ धरला. तिकडे पाहुण्यांचा गलका, मग दार लोटल्याचा आवाज, शांत झालं. बुंदी थांबली, परत चावू लागली.
"ऐकू येतंय?"
"हो."
पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हटलं, "बरं, मग…"
शीतल म्हणाली, "ठेवू नकोस."